पाण्यावरील जुन्या सज्ज्याचे आधारखांब

खाडीच्या वा नदीच्या काठी, पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभारलेला लाकडी सज्जा वरून पाहणाऱ्यास सहज फसवतो. फळ्या नव्याने रंगविलेल्या असतात, कठडा हातास घट्ट लागतो. परंतु ज्यांच्यावर हा सारा भार विसावलेला असतो ते खांब खाली अंधारात, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, वर्षानुवर्षे झिजत असतात. ही झीज कशी होते हे ध्यानात आल्यावाचून डागडुजीचा विचार करणे व्यर्थ होय.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या उत्तर भागात नद्यांचे गोडे पाणी येऊन मिळते. त्यामुळे तेथे खाऱ्या पाण्यातील किड्यांचे भय नाही असे समजून धक्क्यांसाठी कोणतीही रासायनिक प्रक्रिया न केलेले खांब सर्रास वापरले जात. १९१० नंतरच्या दशकात 'टेरेडो' नावाचा जीव तेथे शिरला. पुढे पाऊस कमी पडलेल्या वर्षांत नद्यांचा प्रवाह रोडावला, पाणी अधिक खारे झाले, आणि १९१९ ते १९२१ या काळात तेथील धक्के एकामागून एक कोसळले. या आपत्तीचा शोध घेण्यासाठी जी समिती नेमण्यात आली तिच्या कार्यात प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स कोफॉइड यांचा मोठा वाटा होता; तिचा अंतिम अहवाल १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला.

टेरेडोस जहाजकिडा म्हणतात खरे, पण तो किडा नव्हेच. तो शिंपल्याच्या कुळातील मृदुकाय प्राणी आहे. त्याचे सूक्ष्म पिल्लू टाचणीच्या अग्राएवढे छिद्र पाडून लाकडात शिरते आणि आत वाढत वाढत लांब बोगदा कोरते. बाहेरचे छिद्र मात्र तेवढेच राहते. म्हणून आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा झालेला खांबही वरून धडधाकट दिसतो. लिम्नोरिया हा दुसरा शत्रू मात्र उघडपणे काम करतो. हा तांदळाच्या दाण्याएवढा कवचधारी जीव खांब बाहेरून कुरतडतो, आणि ओहोटीच्या रेषेजवळ खांबाला डमरूसारखी बारीक कंबर येते. पाण्याच्या वर बुरशीचे राज्य असते. लाकडातील आर्द्रता २० टक्क्यांहून कमी असेल तर बुरशी वाढत नाही, आणि पूर्ण बुडालेल्या लाकडात तिला पुरेशी हवा मिळत नाही. जेथे ओल आणि हवा दोन्ही असतात, तेथेच, म्हणजे तुळईच्या टोकाशी वा बोल्टच्या भोकाभोवती, लाकूड कुजते. आपल्या किनाऱ्यावरील उबदार पाण्यात लाकूड पोखरणाऱ्या जीवांचा उपद्रव मोठा आहे. बंगळूरच्या काष्ठविज्ञान संस्थेने विशाखापट्टणम येथे याच विषयाच्या अभ्यासासाठी केंद्र चालविले आहे.

'कंबर जराशी बारीक झाली, त्यात काय?' असे कोणी म्हणेल. थोडा हिशेब करून पाहू. ३० सेंटिमीटर व्यासाचा खांब सर्व बाजूंनी केवळ ३ सेंटिमीटर झिजला तर व्यास २४ सेंटिमीटर उरतो. त्याचे क्षेत्रफळ मूळच्या ६४ टक्के राहते. पण वाकण्यास विरोध करणारी ताठरता व्यासाच्या चतुर्थ घातावर अवलंबून असल्याने ती त्या जागी ४१ टक्क्यांवर येते. शिवाय प्रवाहाने बुडखाजवळची माती वाहून नेली तर खांबाची मोकळी लांबी वाढते. सडपातळ खांबाची ही लांबी दुप्पट झाली की, बाकी सारे तसेच असता, वाकून मोडण्यापूर्वी तो पेलू शकेल असा भार चौथा हिस्साच उरतो. खांबांमधील तिरप्या आडपट्ट्या याच लांबीचे तुकडे पाडतात. त्या शोभेसाठी नसतात.

आता दुरुस्तीविषयी. आपल्याकडे काय किंवा अन्यत्र काय, नेहमीची चूक ही की कुजलेल्या खांबाला नवी फळी ठोकून वरून रंग द्यायचा. यामुळे दोष झाकतो, भार मात्र जिथल्या तिथेच राहतो. फळी जर कुजलेल्या लाकडातच खिळली असेल तर तिला धरणार कोण?

प्रथम सज्ज्यावर माणसांची ये-जा बंद करावी आणि पाण्याची पिंपे, मातीच्या कुंड्या हलवाव्यात. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, हे आपण सहज विसरतो. विजेच्या तारा असल्यास पुरवठा तोडावा. मोठ्या ओहोटीची वेळ पाहून खाली उतरावे, पण एकट्याने कधीही नाही. हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकावा, टोच्याने लाकूड टोचून पाहावे. संशय आल्यास बारीक गिरमिटाने छिद्र पाडून आतील भुसा तपासावा आणि छिद्र घट्ट बुजवावे. खांब किती भार सोसेल याचा निर्णय अभियंत्याकडेच सोपवावा.

यानंतरचा क्रम कधीही उलटा करू नये. आधी टेकू, मग करवत. खांबाच्या दोन्ही बाजूंना टेकू उभे करून त्यांखाली रुंद जाड पाट द्यावेत, कारण गाळात अरुंद पाय रुततो. जॅकने तुळई केवळ भार सुटेल इतकीच, काही मिलिमीटर, उचलावी. जुना सज्जा एकदम सरळ करण्याचा हट्ट धरल्यास शेजारचे सांधे फाटतात. एका वेळी एकच खांब हाती घ्यावा. कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून तेथे नवा तुकडा जोडता येतो. पाण्याखालील भागास मात्र लोखंडी सळ्यांसह काँक्रीटचे वेष्टन करतात. साच्यात नळी बुडाशी नेऊन काँक्रीट खालून वर भरतात, म्हणजे त्यात पाणी मिसळत नाही. हे वेष्टन झिजलेल्या भागाच्या वर व खाली चांगल्या लाकडापर्यंत पोहोचले पाहिजे. बोल्ट जस्ताचा जाड लेप दिलेले वा गंजरोधी पोलादाचे असावेत, आणि कापलेल्या प्रत्येक टोकास लाकूडरक्षक औषध लावावे. जुन्या खांबांत क्रिओसोट अथवा आर्सेनिकयुक्त द्रव्य मुरलेले असू शकते. त्यांचे तुकडे चुलीत घालणे म्हणजे विषारी धूर ओढवून घेणे होय.

निरोगी खांबास प्लॅस्टिकचे घट्ट आवरण गुंडाळण्याचीही एक युक्ती आहे. आवरणाआड साचलेल्या पाण्यातील प्राणवायू संपतो आणि आत शिरलेले जीव गुदमरून मरतात. आवरण कोठे फाटले तर हा उपाय त्या जागी निष्फळ होतो.

काम पुरे झाल्यावर जॅक हळूहळू उतरवावा आणि नवा सांधा भार घेत असता त्यावर नजर ठेवावी. खांबावर व तुळईवर खडूने समोरासमोर खुणा करून ठेवल्या तर पुढील मोठ्या ओहोटीला त्या सरकल्या की नाही हे पाहता येते. तोवर टेकू काढू नयेत, आणि सज्ज्याचे दारही उघडू नये.