एकच रकाना

जबलपूरहून डिंडोरीच्या रस्त्याला लागलं, की कारखान्यांची वस्ती मागे पडते आणि तासा-सव्वा तासात कुंडम येतं. जबलपूर जिल्ह्यातली ही गोंडबहुल तहसील. मोहाची झाडं, आठवडी बाजार, सरकारी शाळा आणि शाळेमागे एक मैदान. मैदान म्हणजे काय, तर जिथे नांगर फिरत नाही अशी सपाट जागा. आम्ही जबलपूरचे मराठी लोक इकडे सहसा अमरकंटकला जाताना चहापुरतेच थांबतो. मी थांबलो तो व्यायामशिक्षक असलेल्या एका मित्रामुळे. खेळाडू हेरायची चाचणी होती आणि मुलांचे अर्ज भरायला त्याला माणूस हवा होता.

अर्जात नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, गाव आणि शेवटी ‘खेल’ असा एक रकाना. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी पुढे आली. मी विचारलं, “खेल?” ती म्हणाली, “कबड्डी.” मी लिहायला लागलो तशी घाईघाईने म्हणाली, “और दौड़.” मित्र पलीकडून ओरडला, “एक बोलो, एक!” ती गप्प झाली. मी मित्राला म्हटलं, दोन्ही लिहितो. तो म्हणाला, “अहो, लिहाल, पण रकाना एकच आहे ना!”

तो रकाना डोक्यातून जाईना. घरी आल्यावर आठवलं ते आयर्लंड. तिथे गेलिक खेळांची संघटना १८८४ साली थर्ल्स या गावात स्थापन झाली. त्यातले दोन खेळ मोठे. एक हर्लिंग: ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची चपट्या पात्याची काठी आणि लहानसा कडक चेंडू, जो जमिनीवरून, हवेतून, हातातून कसाही मारावा. दुसरा गेलिक फुटबॉल, ज्यात चेंडू हातात घेऊन पळताही येतं. मैदान तेच, संघात खेळाडू पंधराच, गोलाचे खांबही तेच. साहजिकच गावातलं चपळ पोर दोन्ही खेळतं. जिल्ह्याच्या म्हणजे ‘काउंटी’च्या संघातूनही दोन्ही खेळणारा तो ‘ड्युअल प्लेअर’, आपल्या भाषेत दुखेळी. या माणसाला तिथे जवळजवळ लोककथेतल्या वीराचा मान.

कॉर्कचा जॅक लिंच १९४१ ते १९४४ सलग चार वर्षं हर्लिंगचा अखिल आयर्लंड विजेता, १९४५ साली फुटबॉलचा, १९४६ साली पुन्हा हर्लिंगचा. सहा वर्षांत सहा पदकं. पुढे १९६६ साली तो देशाचा पंतप्रधान झाला. त्याच कॉर्कच्या टेडी मॅकार्थीने १९९० च्या सप्टेंबरात दोन आठवड्यांच्या अंतराने दोन्ही अंतिम सामने जिंकले. एकाच वर्षी वरिष्ठ गटाचे दोन्ही अंतिम सामने खेळून जिंकणारा दुसरा पुरुष नाही. बायकांत रीना बकली आणि ब्रीज कॉर्करी यांची प्रत्येकी अठरा पदकं, फुटबॉल आणि कमोगी (बायकांचं हर्लिंग) मिळून. बकलीने २०१२ साली फुटबॉलचं आणि २०१७ साली कमोगीचं कर्णधारपद सांभाळून चषक उचलला. आणि हे सगळं बिनपगारी! कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी दवाखान्यात.

पण वरच्या पातळीवरचा हा दुखेळी आता तिथेही दुर्मीळ होत चालला आहे. अंगातला कस संपला म्हणून नव्हे, वेळापत्रकामुळे. काउंटीचा प्रत्येक संघ आता वर्षभर व्यायाम, आहार, चित्रफिती, विश्लेषण मागतो. शाळा एकीकडे ओढते, क्लब दुसरीकडे, काउंटीचा लहान गट तिसरीकडे. आणि दोन खेळ म्हटले की हे सगळे दुप्पट. सतराव्या वर्षी गुणवान पोराच्या आठवड्यात विश्रांतीचा एक दिवसही उरत नाही. प्रत्येक प्रशिक्षक आपापलं तेवढंच मोजतो, पोराचा एकूण भार कोणीच मोजत नाही. म्हणून २०२२ पासून तिथे हंगामाचे दोन भाग केले, आधी काउंटी, मग क्लब. तेवढ्याने दुखेळ्याची सोय झाली असं नाही, पण निदान भांडण कशाशी आहे ते त्यांना कळलं आहे.

आपल्याकडे हे भांडण जुनं आहे. मद्रासचे एम. जे. गोपालन क्रिकेटमधले वेगवान गोलंदाज आणि हॉकीतले पट्टीचे खेळाडू. १९३६ साली त्यांच्यापुढे दोन बोटी उभ्या होत्या म्हणा ना: एक बर्लिन ऑलिम्पिकला जाणारी, ध्यानचंदांच्या संघाची, दुसरी इंग्लंडला जाणारी, क्रिकेट संघाची. त्यांनी क्रिकेट निवडलं. इंग्लंडमध्ये एकाही कसोटीत त्यांना घेतलं नाही आणि तिकडे हॉकीचा संघ सुवर्णपदक घेऊन आला. हा किस्सा लोक हसत सांगतात. मला तो कधी हसण्यासारखा वाटला नाही.

याच्या उलट गोष्ट मुंबईची, जेमिमा रॉड्रिग्जची. बालपण भांडुपमधलं, मग खेळाच्या सोयींसाठी कुटुंब वांद्र्याला आलं. वडील आयव्हन प्रशिक्षक. मुलगी क्रिकेट खेळे आणि हॉकीही, आणि दोन्हींत नुसती हौशी नव्हे: हॉकीत महाराष्ट्राच्या वयोगटाच्या संघात, क्रिकेटमध्ये तेराव्या वर्षाच्या आसपासच मुंबईच्या १९ वर्षांखालच्या संघात. नोव्हेंबर २०१७ मध्ये औरंगाबादला सौराष्ट्राविरुद्ध पन्नास षटकांच्या सामन्यात तिने १६३ चेंडूंत नाबाद २०२ धावा केल्या. त्याच्या आधी असं द्विशतक सांगलीच्या स्मृती मानधनाचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये जेमिमा भारताकडून खेळली आणि हॉकीची काठी बाजूला राहिली.

पण राहिली कुठे? तिचा स्वीप पाहा, उलटा स्वीप पाहा. चेंडू बॅटवर येण्याआधी मनगटं वळलेली असतात. हॉकीतली मनगटं, असं जाणकार म्हणतात. मला स्वतःला तिचं क्षेत्ररक्षण जास्त बोलकं वाटतं: कंबरेत वाकून, पाय लहान लहान टाकत चेंडूच्या रेषेत येणं, एका पावलात दिशा बदलणं. हे शिबिरात शिकवून येत नाही. दोन खेळांच्या मैदानांवर वर्षानुवर्षं धावून अंगात मुरतं. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३९ धावांचं लक्ष्य दिलं तेव्हा ती नाबाद १२७ करून उभी राहिली, आणि तीन दिवसांनी भारताने चषक जिंकला. ते श्रेय मी हॉकीला देत नाही. एवढंच म्हणतो, की तेराव्या वर्षी कोणी तिला “एक बोल, एक!” म्हणून दरडावलं नाही. घरात प्रशिक्षक होता, शहरात मैदानं होती, दोन्हीकडे पोचवणारं माणूस होतं.

आता पुन्हा कुंडमच्या मैदानावर. खेळाडू हेरण्याच्या आपल्या चाचण्या मुळात मोठ्या शहाण्या आहेत. महाराष्ट्राच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीसाठी आठ ते चौदा वर्षांच्या मुलांची जी चाचणी होते ती नऊ गोष्टींची: उंची, वजन, तीस मीटर धाव, सहा गुणिले दहा मीटरची शटल धाव, जागेवरून लांब उडी, जागेवरून उंच उडी, एक किलोचा मेडिसिन बॉल फेकणं, पुढे वाकण्याची लवचिकता आणि आठशे मीटर. या यादीत कोणताही खेळ नाही! वेग आहे, दम आहे, ताकद आहे, लवचिकता आहे. म्हणजे चाचणी मुलाला विचारते, “तुझं शरीर काय करू शकतं?” आणि तिच्यासोबतचा कागद विचारतो, “तुझा खेळ कोणता?” पहिला प्रश्न एका पिढीने विचार करून तयार केला आहे. दुसरा वसतिगृहातल्या खाटा मोजण्यासाठी आला आहे.

खाटांची अडचण खोटी नाही. मध्य प्रदेशात राज्याच्या अकादम्या खेळांनुसार वाटलेल्या: महिला हॉकी ग्वाल्हेरला, नेमबाजी आणि पाण्यातले खेळ भोपाळला, तिरंदाजी आमच्या जबलपूरला. मुलगी कबड्डी आणि धावणं दोन्ही म्हणाली तर तिला पाठवायचं कुठे? पण मधली वाट निघते, आणि तिचं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यात आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ साली क्रीडा प्रबोधिनीत गेला. पहिलं वर्षभर नुसती शारीरिक तयारी. त्यानंतर खेळ निवडायचा होता. त्याने नेमबाजी निवडली. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात त्याला कांस्यपदक मिळालं. गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरताना जो तोल लागतो, त्यात त्या बिनखेळाच्या वर्षाचा वाटा किती हे कोणी मोजलेलं नाही. पण ते वर्ष वाया गेलं, असं तर आता कोणी म्हणणार नाही.

मोजलेलंही काही आहे. जर्मनीचे आर्ने ग्युलिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली ५१ अभ्यास एकत्र करून ६,०९६ खेळाडूंचा मागोवा घेतला; त्यांपैकी ७७२ जण जगातले अव्वल. निघालं ते असं: प्रौढपणी जगाच्या शिखरावर पोचलेल्यांनी लहानपणी जास्त खेळ खेळले होते, मुख्य खेळाला उशिरा सुरुवात केली होती आणि त्यांची सुरुवातीची प्रगती मंद होती. कुमार वयातच चमकणाऱ्यांचं गणित नेमकं उलटं: एकच खेळ, लवकर सुरुवात, भरभर प्रगती. आता आपल्या शालेय स्पर्धा कोणत्या वयाच्या? चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या. दहावी-बारावीचे क्रीडा गुण कधी मिळतात? त्याच वयात. मास्तरांचं नाव होतं तेही तेव्हाच. तेव्हा मास्तर पोराला एकाच खेळाला जुंपतात यात त्यांचा दोष काढणं सोपं आहे; त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

कुंडमसारख्या ठिकाणी आणखी एक पेच आहे. गोंड मूल दिसलं की शहरी माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघतो “तिरंदाजी”. याला आधार नाही असं नाही. राजस्थानातल्या भिल्ल-गरासियांच्या मुलुखातून १९८७ साली लिंबाराम हेरला गेला आणि पुढे तीन ऑलिम्पिक खेळला. जबलपूरच्या अकादमीतली मुस्कान किरार २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कंपाउंड धनुष्याच्या सांघिक प्रकारात रौप्यपदक घेऊन आली. पण जमात पाहून खेळ वाटायला लागलं की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. कर्नाटकातल्या सिद्दी मुलांना, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले म्हणून, भारतीय क्रीडा प्राधिकरणाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ॲथलेटिक्ससाठी वेचलं. मुलं चमकायला लागली होती. १९९३ साली योजना बंद झाली आणि ती घरी गेली. दुसरा कोणता खेळ त्यांना येतो का, हे कोणी कधी पाहिलंच नव्हतं. ज्याच्या हातात जन्मानेच धनुष्य दिलं, त्याच्या अर्जातला रकाना तर तो यायच्या आधीच भरलेला असतो.

खरं म्हणजे इथली पोरं मुळातच बहुखेळी आहेत. श्रावणात बांबूच्या गेडीवर (पाय ठेवायला खुंटी असलेल्या उंच काठ्यांवर) चढून चिखलातून चालतात. तोल सांभाळण्याचा याहून कडक सराव मी तरी पाहिला नाही. झाडावर चढतात, नदीत पोहतात, उन्हाळ्याच्या तोंडाला पहाटे मोहाची फुलं वेचायला वाकून वाकून अर्धं रान पालथं घालतात. वाकणं, उठणं, टोपली घेऊन चढ चढणं, हा भारच आहे. पण तो कोणाच्या सरावाच्या वहीत येत नाही. मग शिबिरात पोरगी दुसऱ्या दिवशी पाय ओढत येते आणि प्रशिक्षक म्हणतात, “दम नाही.” दम असतो. तो आदल्या पहाटे रानात खर्च झालेला असतो.

म्हणून दोन खेळ चांगले असं म्हणताना मला आयर्लंडची चूक आठवते. दोन खेळ म्हणजे दुप्पट सराव असं झालं तर बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याखालचा उंचवटा सुजतो, नडग्या ठणकतात, आणि गावात त्यावर औषध म्हणजे हळद-तेल. बाहेरचे डॉक्टर साधा हिशेब सांगतात: आठवड्याचे खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याच्या वर जाऊ नयेत. तेराव्या वर्षी तेरा तास, दोन्ही खेळ मिळून. त्यात मोहाची टोपली धरायची की नाही, हे त्यांनी लिहिलेलं नाही. मी म्हणतो, धरा. याला पैसा लागत नाही. एक वही लागते, मुलाजवळ राहणारी, दोन्ही मास्तरांनी वाचायची.

आणि रकाना एकदा भरला की तो दगडावरची रेघ आहे असंही नव्हे. ग्वाल्हेरची प्राची यादव पोहणारी होती. प्रशिक्षकांच्या सल्ल्याने ती नावेकडे वळली, भोपाळच्या तलावावर पॅरा कॅनोइंग शिकली आणि २०२३ ची हांगझोची आशियाई पॅरा स्पर्धा सुवर्ण आणि रौप्य घेऊन संपवली. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, १९६८ साली तेल अवीवला टेबल टेनिस खेळले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक मिळवलं. त्यांच्या अर्जात ‘खेळ’ या शब्दापुढे काय लिहिलं असतं?

त्या दुपारी कुंडमला शटल धाव झाली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. कबड्डी-और-दौड़वाली मुलगी अनवाणी धावली. चुन्याच्या रेषेपाशी वळताना तिचा हात आपोआप जमिनीला टेकला, चढाईवरून परतणाऱ्या खेळाडूचा टेकतो तसा, आणि ती बाकीच्यांपेक्षा आधी उलट दिशेला लागली. मित्राने घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. काही बोलला नाही. अर्जांचा गठ्ठा मागून घेतला, तिचा कागद शोधला आणि ‘कबड्डी’च्या पुढे, रकान्याची रेघ ओलांडून समासात, बारीक अक्षरात लिहिलं: ‘दौड़ भी’.