दंतवैद्याच्या दवाखान्यांतील शुद्धता

दाढ दुखूं लागली म्हणजे मनुष्यास दुसरें कांहीं सुचत नाहीं. तो दंतवैद्याच्या खुर्चीवर जाऊन बसतो व तोंड उघडतो. परंतु जें हत्यार आपल्या तोंडांत जात आहे तें मागच्या रुग्णानंतर शुद्ध झालें कीं नाहीं, हें विचारण्याचें भान त्यास राहत नाहीं. तें भान वैद्यानें व त्याच्या मदतनिसानेंच राखावयाचें असतें. पनवेलनजीक कामोठे येथें महात्मा गांधी मिशनचें दंतवैद्यक महाविद्यालय व रुग्णालय आहे. अशा ठिकाणीं शिकणाऱ्या विद्यार्थ्यानें दांत काढण्यापूर्वीं कोणता धडा गिरवावयास हवा, याचा आपण थोडा विचार करूं.

रक्तांत व लाळेंत रोगाचे जंतु असूं शकतात. 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणु तर वाळलेल्या रक्तांतही निदान ७ दिवस टिकून राहतो. रोग कोणाच्या अंगीं आहे हें चेहऱ्यावरून कळत नाहीं. यास्तव प्रत्येक रुग्णाविषयीं सारखीच सावधगिरी बाळगावी, हा पहिला नियम होय. हात धुणें, दर रुग्णास नवे हातमोजे घालणें, मुखपट्टी व चष्मा लावणें, हें सर्व त्यांतूनच आलें.

दुसरी गोष्ट हत्यारांची. तीं उकळलीं म्हणजे झालें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु पाणी १०० अंशांवर उकळतें, आणि कांहीं जंतूंचे बीजाणु तेवढ्या उष्णतेस दाद देत नाहींत. म्हणून हत्यारें आधीं घासून धुवावीं, पाकिटांत बंद करावीं व दाबाखालील वाफेच्या यंत्रांत १२१ अंशांवर सुमारें अर्धा तास ठेवावीं. यंत्राची परीक्षा पाहण्यासाठीं त्यांत चिवट बीजाणूंची कुपी ठेवतात. ते मेले तरच यंत्रावर विसंबावें.

तिसरी गोष्ट कचऱ्याची. भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणें रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवींत, प्लास्टिक तांबड्या पिशवींत, सुया टोंचून आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यांत व कांच निळ्या खुणेच्या पेटींत टाकावयाची असते. हा कचरा ४८ तासांहून अधिक सांठवूं नये. नोकरांस रुजू होतांना व पुढें दर वर्षीं शिक्षण द्यावें, तसेंच काविळीची व धनुर्वाताची लस टोंचावी, असेंही त्यांत सांगितलें आहे. तो कचरा उचलणाऱ्या गरीब माणसाचा जीवही आपल्याइतकाच मोलाचा आहे.

इतका काटेकोरपणा कशासाठीं, असें कोणी विचारील. २०२३ च्या सुमारास तामिळनाडूंतील वाणियंबाडी येथें मेंदूच्या घातक संसर्गाची सांथ उद्भवली. शोध करितां असें आढळलें कीं, त्या रोग्यांपैकीं १० जण एकाच दंत-दवाखान्यांत उपचार घेऊन आले होते. त्यांतील ८ जण दगावले. तेथें मिठाच्या पाण्याची बाटली हत्यारानें उघडून, ती सैल बंद करून, पुनःपुन्हां वापरीत असत. चूक एवढीशीच दिसते!

तपासणीच्या दिवशीं नियम सर्वच पाळतात. संध्याकाळीं शेवटचा रुग्ण बसला आहे, हात थकले आहेत, कोणी पाहत नाहीं, अशा वेळीं जो पुन्हां हात धुतो व नवें पाकीट फोडतो, त्याचेंच शिक्षण पुरें झालें असें आम्ही समजतों.