गिरडचे दगड आणि गिरडची गोष्ट

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. इथे नवस फेडायला हिंदू-मुसलमान दोघेही येतात, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. या टेकडीवरचे गोल दगडही तितकेच प्रसिद्ध आहेत.

त्यांची गोष्ट 1870च्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. दोन बंजारा व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचे नारळ व इतर सगळा माल दगड झाला. त्यांनी माफी मागितली, तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांपासून नवा माल करून दिला. दोघे मग कायमचे बाबांच्या सेवेत राहिले. टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच मानल्या जातात.

भूगोलाची गोष्ट वेगळी आहे. सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस पसरला. तो थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या राहिल्या. झिरपणाऱ्या पाण्यातली खनिजे त्यांत साचून झिओलाइट तयार झाले. पुढे भोवतीचा काळा कातळ झिजला आणि हे गोळे सुटे झाले. नाशिक जिल्ह्यात सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात झिओलाइटचे सुंदर नमुने काचेआड मांडलेले आहेत.

कातळातले असे खडे दख्खनच्या पठारावर ठिकठिकाणी सापडतात. मग गिरडच्याच खड्यांना एवढा मान का? कारण लोकांनी त्यांना गोष्ट दिली. गोष्ट नसती तर हे दगड मुरुमाबरोबर कुठल्याशा रस्त्याखाली गेले असते. आणि दगड नसते तर गोष्ट दाखवायची कशावर? नैसर्गिक संपत्ती आणि सांस्कृतिक संपत्ती ही सरकारी कागदावर दोन खाती असतील. टेकडीवर मात्र एकाच्या आधाराने दुसरी उभी आहे.

बाबा फरीद यांना ‘गंजशकर’ म्हणतात, म्हणजे साखरेचा खजिना. त्यांची मजार पंजाबात पाकपट्टणला आहे. गिरडला त्यांनी तप केले, अशी श्रद्धा आहे. त्यांच्याबद्दल आणखी एक कथा सांगतात. रोजा सोडायला काहीच नव्हते, म्हणून त्यांनी खडे तोंडात टाकले आणि त्यांची साखर झाली. एका कथेत खड्यांची साखर होते, दुसरीत मालाचे दगड. उपाशी माणसाला माती देते, हावरटाच्या हाती दगड ठेवते, असा अर्थ मी त्यातून घेतो. रमजानच्या दुपारी, घसा कोरडा पडलेला असताना, तो लवकर पटतो.

उर्दूत ‘अमानत’ हा शब्द आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे सांभाळायला ठेवलेली असते, ती अमानत. ती जपायची असते, संपवता येत नाही. टेकडीवर गेलेल्या प्रत्येकाने आठवण म्हणून एकेक दगड खिशात घातला, तर कुणालाच चोरी केल्यासारखे वाटणार नाही. पण हे खडे पुन्हा उगवत नाहीत. जवळची टेकडी गिट्टीसाठी फोडायची वेळ आली, तर तिच्या अंगावर कोणती गोष्ट आहे, हेही आधी विचारायला हवे.

ईदनंतर मुलांना गिरडला जरूर न्या. दगड हातात घेऊ द्या, बंजाऱ्यांची गोष्ट सांगा, लाव्ह्याचीही सांगा. मग दगड होता तिथेच ठेवायला लावा. पुढच्या मुलालाही तो दिसला पाहिजे.