कवळीचा चावा आणि जबड्याचे स्नायू

कवळी म्हणजे गेलेल्या दातांची केवळ भरपाई, हा सर्वसाधारण समज अपुरा आहे. कारण नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती असणारे आणि चाव्याच्या दाबाची वर्दी मेंदूस तत्काळ देणारे सूक्ष्म तंतू दाताबरोबरच नाहीसे होतात, आणि पुढे जबड्याच्या स्नायूंना हिरड्यांवर व सांध्यावर विसंबून आपला कारभार चालवावा लागतो. म्हणूनच संपूर्ण कवळीच्या चाव्याचा जोर नैसर्गिक दातांच्या सुमारे चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच भरतो.

जबडा विश्रांतीत असता वरच्या-खालच्या दातांत साधारण 2 ते 4 मिलिमीटर अंतर राहावे लागते; ते कवळीच्या वाजवीहून अधिक उंचीने हिरावून घेतले, तर दात बोलतानाही आदळतात आणि गालातील चर्वणस्नायू थकून जातो.

दातांच्या ठेवणीबाबत मात्र तज्ज्ञांत एकमत नाही. जबडा बाजूस सरकला असताही दोन्ही अंगांचे दात टेकावेत, ही संतुलित ठेवण जुन्या परंपरेची. सुळ्यांनीच मार्ग दाखवून दाढा सुट्या ठेवाव्यात, ही दुसरी, आणि त्वचेवर विद्युदग्रे लावून केलेल्या मोजणीत हिच्यामुळे बाजूच्या हालचालींतील स्नायूंचा विद्युत्‌व्यापार पुष्कळदा कमी आढळतो. झ्यूरिकच्या आल्फ्रेड गिझी यांनी 1927 साली मांडलेल्या तिसरीत वरच्या दाढांचे आतले उंचवटेच खालच्या खळग्यांत बसतात. झिजलेल्या हिरडीसाठी हीच अधिक शहाणपणाची वाटते.

नव्या कवळीशी जुळवून घेण्यास स्नायूंना काही आठवडे लागतात. त्या अवधीत दुखल्यास घरी कानस हाती न घेता दंतवैद्याकडून चावा तपासून घ्यावा.