परदेशी भाषा : निघण्याआधीचे वर्ष

परदेशात जाऊन एखादी भाषा शिकायची असली, तरी तिची सुरुवात घरूनच करून जावी लागते. जपानमधल्या भाषाशाळा अर्जाबरोबरच साधारण 150 तासांच्या अभ्यासाचा किंवा ‘जेएलपीटी’ परीक्षेच्या एन5 या सर्वांत खालच्या पातळीचा दाखला मागतात. जर्मनी भाषा शिकण्यासाठी वेगळा व्हिसा देते. त्यासाठी कोर्स आठवड्याला किमान 18 तासिकांचा लागतो. संध्याकाळचे किंवा शनिवार-रविवारचे वर्ग चालत नाहीत. अशा वर्गात शिक्षक जर्मन शिकवतात तेही जर्मनमधूनच. कोरी पाटी घेऊन तिथे बसणाऱ्याचे पहिले काही महिने मुळाक्षरांत आणि भांबावण्यात जातात, आणि त्या महिन्यांचे भाडे मात्र युरोत भरावे लागते.

परमुलखाची भाषा उचलणे सातारा-सांगलीला नवे नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव आणि शेजारच्या खटाव-माण या दुष्काळी पट्ट्यातले गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी काही पिढ्यांपासून देशभर पसरले आहेत. विट्याकडचा माणूस फडाफडा तमिळ किंवा मल्याळम बोलू लागला, तर त्या भागात कोणाला नवल वाटत नाही. ही भाषा कोणी वर्गात शिकले नाही. पोरगा भावकीतल्या कोणाच्या दुकानात कामाला लागला आणि गिऱ्हाइकांशी बोलता बोलता शिकला. ‘तिथं गेलं की येतंय आपोआप’ हा भरवसा याच अनुभवातून आलेला आहे, आणि तो खोटा नाही. फरक इतकाच की गलाईच्या दुकानात शिकायला मुदत नव्हती आणि चुकल्याबद्दल कोणी नापास करत नव्हते. भाषेच्या व्हिसाला मुदत असते, आणि पुढच्या प्रवेशाला वा नोकरीला परीक्षेचे प्रमाणपत्र लागते.

परदेशी भाषा शिकण्याचा प्रश्न आता घरोघर पोहोचण्याचे एक कारण सरकारी आहे. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि पहिल्या टप्प्यासाठी 10,000 जणांचा आकडा ठरवला. त्यानंतर इलेक्ट्रिशियन, प्लंबर, परिचारिका अशा कामांसाठी जर्मन शिकण्याची चर्चा जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाली. 1894 पासून मिशन हॉस्पिटल असलेल्या आणि आज दवाखान्यांचेच गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिरजेत परिचारिकांची वाण नाही. पण जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला सहसा बी2 ही पातळी लागते, आणि ती दोन-तीन महिन्यांत हाती येत नाही.

युरोपातल्या भाषांची पातळी ए1 पासून सी2 पर्यंत सहा पायऱ्यांत मोजतात. भारतात ‘मॅक्स म्युलर भवन’ या नावाने चालणाऱ्या ग्योटे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार ए1 साठी 45 मिनिटांच्या 80 ते 200 तासिका लागतात, तर बी1 पर्यंत एकूण 350 ते 650. (ज्या मॅक्स म्युलरचे नाव संस्थेला दिले, तो संस्कृतपंडित भारतात कधी आलाच नव्हता.) रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस असा हिशेब मांडला तर बी1 ला पाच ते दहा महिने होतात. ‘तीन महिन्यांत बी2’ अशी पाटी लावणाऱ्या क्लासच्या दारात उभे राहून हा हिशेब एकदा मनात करावा. वर्ग निवडताना सातारकर साधारण 110 किलोमीटरवरच्या पुण्याकडे बघतो, तर सांगलीकराला कोल्हापूर जवळ. पुण्यात मॅक्स म्युलर भवनाशिवाय विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. रोज ये-जा जमत नसेल तर ऑनलाइन वर्ग चालतो. मात्र ग्योटेच्या परीक्षेत समोरासमोर बोलावे लागते, म्हणून बोलायला एखादा जोडीदार असलेला बरा. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही. त्यामुळे एन4 पास झालेला विद्यार्थी ओसाकाच्या दुकानात गप्प उभा राहिला, तर दोष सगळा त्याचा नाही.

तयारीतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मराठी. पुस्तके इंग्रजीतून समजावतात, म्हणून विद्यार्थीही इंग्रजीतून विचार करतो आणि जिथे अडण्याचे कारण नाही तिथे अडतो. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत हे इंग्रजी वाचकाला संकट वाटते. तो, ती, ते म्हणत वाढलेल्याला वाटायला नको. शब्दाशब्दाचे लिंग जुळत नाही हे खरे. मराठीतला सूर्य पुल्लिंगी, जर्मन ‘झोने’ स्त्रीलिंगी. जर्मनमध्ये मुलगी, म्हणजे ‘मेडशेन’, नपुंसकलिंगी आहे याचे हसू येते. पण ‘शेन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे, आणि मराठीतही वासरू, कोकरू, लेकरू ही सगळी ‘ते’च असतात. ‘कारण तो आजारी आहे’ या वाक्यात ‘आहे’ शेवटी येते, तसेच जर्मन ‘वाइल’ने, म्हणजे ‘कारण’ने, सुरू होणाऱ्या वाक्यातही क्रियापद शेवटी जाते. तू आणि तुम्ही यांतला भेद तिथे ‘डू’ आणि ‘झी’ असा आहे. चमचा, चाक यांतल्या ‘च’चा उच्चार जर्मन ‘झेड’ या अक्षराला जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. ओठ गोल करून काढायचे दोन जर्मन स्वर मात्र मराठीत नाहीत; ते कानाने ऐकून, आरशासमोर बसून घोटावे लागतात.

जपानी तर वाक्यरचनेत मराठीच्या आणखी जवळ येते. क्रियापद शेवटी, विभक्तीचा प्रत्यय नामाच्या मागे. ‘सातारा नो हितो’ म्हणजे ‘साताऱ्याचा माणूस’, आणि त्यापुढे ‘देस का’ जोडले की ‘साताऱ्याचे आहात का?’ प्रश्नाचा ‘का’ दोन्हीकडे शेवटीच. ‘त्सुनामी’तला ‘त्सु’ म्हणजे चमच्यातल्या ‘च’चा उकार. हिरागाना ही लिपी ज्या क्रमाने शिकवतात तो अ, क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तो तिकडे रुजला, त्यामुळे बाराखडी पाठ असलेल्याला ओळखीचा वाटतो. हिरागाना आणि काताकाना यांची प्रत्येकी 46 मूळ अक्षरे महिन्याभरात बसतात. मग येते कांजी. नेहमीच्या वापरासाठी ठरवलेली चिन्हे 2,136 आहेत आणि तिथे मराठीचा काही आधार नाही. रोज पाच-दहा लिहून काढणे एवढाच मार्ग. उच्चार देवनागरीत लिहून ठेवण्याची सवय पहिल्या पंधरवड्यानंतर मोडलेली बरी, नाहीतर लिपी पक्की होत नाही.

कागदपत्रांचे काम अभ्यासाबरोबरच सुरू करावे, कारण वेळ तेच खाते. महाराष्ट्रातल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जाते आणि परदेशी अर्जात वडिलांचे नाव विद्यार्थ्याचेच दुसरे नाव समजले जाते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत गुंता वाढतो. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असेल तर अधिकृत भाषांतर लागते.

पैशाचा पुरावा हा दुसरा भाग. जर्मनीत विद्यार्थ्याला सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 11,904 युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात; त्यातून दरमहा 992 युरो काढता येतात. नुसत्या भाषेच्या कोर्सला रक्कम वेगळी असू शकते, म्हणून अर्जाच्या वेळी वकिलातीची यादी पाहावी. शेतकरी घरात अडचण निराळीच असते. द्राक्ष, बेदाणा, हळद यांचे उत्पन्न करमुक्त असल्याने आयकर विवरणपत्रात नोकरदारासारखे दिसत नाही, आणि सात-बारा म्हणजे खात्यातली रक्कम नव्हे. कारखान्याचे ऊसबिल, व्यापाऱ्याचे पैसे वर्षभर बँकेतूनच येतील असे पाहिले आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडला, तर चित्र स्पष्ट होते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात पाहुण्यांकडून आणून भरलेली रक्कम मात्र चटकन डोळ्यांत भरते.

जपानसाठी तारखांचा मेळ घालावा लागतो. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आणि निकालाला सुमारे दोन महिने लागतात. एप्रिलच्या प्रवेशाचे कागद आदल्या वर्षाच्या शेवटीच जातात, म्हणजे डिसेंबरची परीक्षा उपयोगाची नाही; जुलैची द्यावी लागते, आणि तिचा अर्ज त्याआधी काही महिने भरावा लागतो.

इतके सगळे करून पोहोचल्यावरही पहिल्या दिवशी कानाला धक्का बसतोच. वर्गात शिकलेली जर्मन प्रमाण असते. श्टुटगार्टच्या बाजारात श्वाबी बोली ऐकू येते, तिच्यात शब्दांची शेपटे गळतात आणि ‘श’ नको तिथे येतो. ओसाकाची बोलीही पुस्तकातल्या तोक्योच्या जपानीहून वेगळी आहे. शाळेत ‘आहे का नाही’ वाचून घरी ‘हाय का न्हाय’ बोलणाऱ्याला प्रमाण भाषा आणि बोली यांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही. निघण्याआधीच्या शेवटच्या महिन्यात त्या त्या भागातल्या रेडिओच्या बातम्या आणि गप्पा रोज अर्धा तास ऐकल्या, तर कान तेवढा आधी तयार होतो.