पवनेचे पाणी आणि भिगवणचे रोहित

चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधिमंदिराजवळून वाहणारी पवना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिचे पाणी पुढे कोठे जाते? पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला आणि मुळामुठा पुढे भीमेला. मोशीजवळून वाहणारी इंद्रायणीही तुळापूरला भीमेतच जाते. या भीमेवर १९८० साली उजनी धरण पुरे झाले. त्याच्या फुगवट्याच्या काठी, पुण्याहून सुमारे १०० किलोमीटरवर, भिगवण हे छोटे गाव आहे.

पावसाळी ढगांतील बरेचसे पाणी सह्याद्रीवरच पडून जाते, म्हणून हा मुलूख कोरडा. बाभळी आणि उघडी माळराने! पण हिवाळ्यात येथील उथळ पाण्यात शेकडो रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, उतरतात. कच्छच्या रणात घरटी करणारा हाच पक्षी. जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही कुंभारगावच्या मच्छीमाराच्या नावेतून त्यांना पाहायला गेलो. पक्षी बुजू नयेत म्हणून त्याने नाव दूरच थांबवली.

दुर्बिणीतून एक गंमत दिसली. रोहित मान वाकवून चोच पाण्यात चक्क उलटी धरतो. जीभ दट्ट्यासारखी मागे सरकली की पाणी चोचीत शिरते. पुढे आली की कडेच्या बारीक गाळणीतून बाहेर पडते. शेवाळ, अळ्या व सूक्ष्म जीव आत अडकतात. पंप आणि गाळणी एकाच यंत्रात! या अन्नातील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळेच पिसांना गुलाबी छटा येते.

मात्र पाण्यात विरघळलेले पदार्थ अशा गाळणीत अडकत नाहीत. आपल्या शहरांतून शुद्ध न करता सोडलेले सांडपाणीही याच वाटेने उजनीत पोहोचते. त्यातील नत्र आणि स्फुरद शेवाळाला खतासारखे लागू पडतात. थोडे शेवाळ म्हणजे पक्ष्यांचे अन्न. पण ते बेसुमार वाढले तर? दिवसा ते प्राणवायू सोडते, रात्री मात्र श्वसनासाठी वापरते. ते मेल्यावर कुजवणारे जिवाणूही प्राणवायू वापरतात. मग मासे गुदमरतात आणि मच्छीमारांची जाळी रिकामी येतात.

करून पाहा : काचेच्या दोन बरण्यांत तळ्याचे पाणी भरा. एकीत नत्र व स्फुरद असलेले चिमूटभर रासायनिक खत टाका. दोन्ही उजेडाच्या खिडकीत ठेवून दोन आठवडे पाण्याचा रंग रोज वहीत टिपा. कोणती बरणी आधी हिरवी होते? त्यानंतर पवनेच्या पुलावर थांबून खालचे पाणीही एकदा नीट पाहा.