पाळीव सापांवरील माइट : जीवनचक्र आणि बंदोबस्त

पाळलेला बॉल पायथन दिवसचे दिवस पाण्याच्या भांड्यात बसून राहू लागला, भक्ष्य नाकारू लागला आणि त्या पाण्यात खसखशीच्या दाण्याएवढे काळे ठिपके दिसू लागले, की ऑफिओनिसस नॅट्रिसिस या माइटची शंका घ्यावी. हा गोचिडीच्या नात्यातील, रक्तावर जगणारा परजीवी आहे. सापाच्या डोळ्यांच्या कडा, हनुवटीखालची खाच आणि खवल्यांच्या फटी या त्याच्या आवडत्या जागा. रक्तक्षयाने लहान साप दगावतात. सेप्टिसीमियाचे जीवाणू तो एका सापाकडून दुसऱ्याकडे नेतो, हे जोसेफ कॅमिन यांनी १९४८ मध्ये दाखविले. अजगर व बोआंमधील इन्क्लुजन बॉडी रोगाशी निगडित अरेनाविषाणू २०१२ मध्ये ओळखले गेले. त्यांचा प्रसारही माइटमार्फत होत असावा असा संशय आहे, मात्र तो अद्याप सिद्ध झालेला नाही.

इलाज फसतो तो बहुधा एकाच कारणाने : पाळणारा साप धुतो आणि पेटी तशीच सोडतो. कॅमिन यांचा १९५३ चा अभ्यास येथे उपयोगी पडतो. पोट भरलेली मादी सापावरून उतरते आणि पेटीच्या अंधाऱ्या, दमट फटींत ६० ते ८० अंडी घालते. अंड्यातून निघालेली सहा पायांची अळी काहीच खात नाही. पुढची प्रोटोनिंफ अवस्था रक्त पिते, त्यानंतरची ड्यूटोनिंफ पुन्हा उपाशी, आणि मग प्रौढ. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात हे चक्र १३ ते १९ दिवसांत पुरे होते. म्हणजे कोणत्याही क्षणी संख्येचा मोठा भाग सापावर नसून लाकडाच्या भेगेत, भुशात, झाकणाच्या खाचेत असतो. अंड्यांवर बहुतेक औषधांचा परिणाम होत नाही. एकदाच केलेला उपचार दोन आठवड्यांत फुकट जातो तो यामुळेच.

त्यामुळे भुसा आणि लाकडी ओंडके टाकून द्यावेत, पेटी गरम पाण्याने घासून कोरडी करावी आणि तळाशी साधा पांढरा कागद अंथरावा. कागदावर माइट दिसतात आणि कोरड्या हवेत अंडी सुकतात. सापावर फिप्रोनिल वापरायचे झाल्यास ते कापडाने पुसून लावतात, तोंड व डोळे वाचवून, आणि तेही पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच. उपचार व सफाई दोन जीवनचक्रे उलटेपर्यंत, म्हणजे सुमारे सहा आठवडे, चालू ठेवणे शहाणपणाचे. आयव्हरमेक्टिन सापांना देतात, पण कासवांना ते प्राणघातक ठरते. एकाच खोलीत दोन्ही प्राणी असल्यास ही चूक सहज घडते. डायक्लोरव्हॉसच्या पट्ट्या पूर्वी सर्रास टांगत. त्या सापालाही विषारी ठरतात, तेव्हा त्या नकोतच.

विद्यार्थी याविषयी विचारतात तेव्हा कायद्याची बाजूही सांगावी लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे भारतीय साप घरी पाळता येत नाहीत. बॉल पायथनसारख्या परदेशी जाती २०२२ च्या दुरुस्तीने चौथ्या अनुसूचीत आल्या असून त्यांची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीच्या भीतीने लपवून ठेवलेला साप पशुवैद्यकाकडे जात नाही, आणि माइटला असाच साप सोयीचा.

नवा साप किमान तीन महिने वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर ठेवावा. त्याची देखभाल दिवसाच्या शेवटी, बाकीच्या पेट्या उरकल्यानंतर करावी, कारण माइट माणसाच्या हातांवरून आणि बाह्यांवरूनही पुढच्या पेटीत पोहोचतो.